मृदेतील नैसर्गिक किरणोत्सर्ग व खते

शेतजमिनीच्या मातीत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम या मूलद्रव्यांचे किरणोत्सर्गी समस्थानिक अल्प प्रमाणात असतात. त्यांच्यापासून होणाऱ्या किरणोत्सर्गास मृदेतील नैसर्गिक किरणोत्सर्ग म्हणतात. युरेनियम (२३८) याचे अर्धायुष्य सु. ४४७ कोटी वर्षे, थोरियम (२३२) याचे सु. १,४०५ कोटी वर्षे व पोटॅशियम (४०) याचे सु. १२५ कोटी वर्षे आहे. पृथ्वीचे वय सु. ४५४ कोटी वर्षे असल्याने हे समस्थानिक तिच्या जन्मापासून आजवर टिकून राहिले आहेत. खडकांची झीज होऊन माती बनताना ते तिच्यात येतात. युरेनियम व थोरियम यांच्या ऱ्हासातून रेडियम, रेडॉन, शिसे (२१०), पोलोनियम (२१०) इ. अल्पायुषी किरणोत्सर्गी द्रव्ये सतत निर्माण होत राहतात. म्हणून शेतात कधी खत पडले नसले, तरी तेथील माती किरणोत्सर्गी असतेच. खतांमुळे या मूळच्या किरणोत्सर्गात किती भर पडते व ती कोठे जाऊन साठते, या प्रश्नाचा इतिहास किरणोत्सर्गाच्या शोधाइतकाच जुना आहे. मात्र खते व किरणोत्सर्ग हे दोन विषय बराच काळ परस्परांना अपरिचित राहिले.

आंरी बेकेरेल यांनी १८९६ मध्ये युरेनियमाच्या लवणांपासून निघणारे किरण शोधून काढले आणि १८९८ मध्ये मारी व प्येअर क्यूरी यांनी पोलोनियम व रेडियम ही मूलद्रव्ये शोधली. हे गुणधर्म काही दुर्मिळ खनिजांपुरतेच मर्यादित आहेत, असा प्रारंभी समज होता. तो जर्मनीतील व्होल्फेनब्युटेल येथील यूलिउस एल्स्टर व हान्स गाइटेल या दोन शाळाशिक्षकांनी दूर केला. त्यांना प्रथम हवेत किरणोत्सर्गी द्रव्य आढळले. पुढे १९०२ च्या सुमारास त्यांनी जमिनीतून शोषून घेतलेल्या हवेची परीक्षा केली. ही हवा उघड्यावरील हवेपेक्षा विद्युत्‌दर्शकातील विद्युत्‌ भार अधिक वेगाने नाहीसा करते, असे त्यांना दिसून आले. जमिनीतून सुटणारा हा किरणोत्सर्गी वायू म्हणजे आज ज्यास रेडॉन म्हणतात तो होय. साध्या उपकरणांनी व खाजगी प्रयोगशाळेत झालेल्या या कामामुळे सामान्य मातीही किरणोत्सर्गी असते, हे प्रथमच सिद्ध झाले.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट जॉन स्ट्रट (नंतरचे चौथे लॉर्ड रॅली) यांनी १९०६ मध्ये निरनिराळ्या खडकांतील रेडियमाचे मापन केले. ग्रॅनाइटासारख्या खडकांत रेडियम अधिक व बेसाल्टात कमी असते, हा त्यांचा निष्कर्ष पुढील काळात कायम राहिला. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल. त्याच सुमारास केंब्रिज येथे नॉर्मन कँबेल यांनी पोटॅशियमाचा किरणोत्सर्ग शोधला. तो अतिशय क्षीण असल्याने त्याचे कारण मात्र दीर्घकाळ कळले नव्हते. अमेरिकन भौतिकीविज्ञ आल्फ्रेड नीअर यांनी १९३५ मध्ये द्रव्यमान वर्णपटमापकाच्या साहाय्याने पोटॅशियम (४०) हा समस्थानिक ओळखला. नैसर्गिक पोटॅशियमात त्याचे प्रमाण केवळ ०·०११७ टक्का असते. तथापि पोटॅशियमच मातीत विपुल असल्याने बहुतेक जमिनींत या एका समस्थानिकाचा किरणोत्सर्ग इतर कोणत्याही एका समस्थानिकाहून अधिक भरतो.

खतांच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण स्ट्रट यांनीच १९०८ मध्ये केले. खनिजांत साठलेल्या हीलियमावरून भूवैज्ञानिक काळाचे मापन करण्याचे प्रयोग ते करीत होते. त्यासाठी त्यांनी जीवाश्मरूप हाडे व फॉस्फेटाच्या गाठी तपासल्या. सभोवतालच्या खडकांच्या मानाने त्यांत रेडियमाचे प्रमाण पुष्कळच अधिक असल्याचे त्यांना आढळले. सागरी फॉस्फेटी खडकांच्या किरणोत्सर्गाची ही पहिली नोंद मानली जाते. विशेष म्हणजे अशाच गाठी सफक व केंब्रिजशर परगण्यांतून खणून काढून १८४० नंतरच्या दशकांत इंग्लंडमधील शेतांवर सुपरफॉस्फेटाच्या रूपाने पडत आल्या होत्या. हाडांवर सल्फ्यूरिक अम्लाची क्रिया करण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिक यांनी १८४० मध्ये मांडली होती. जॉन बेनेट लॉझ यांनी १८४२ मध्ये सुपरफॉस्फेटाचे एकस्व घेतले व पुढील वर्षी त्याचा कारखाना सुरू केला. म्हणजे फॉस्फेटाबरोबर जमिनीत युरेनियम व रेडियम जाऊ लागले, त्यानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने किरणोत्सर्ग ही घटना ज्ञात झाली. स्ट्रट यांना रस होता तो पृथ्वीच्या वयात. त्यांच्या नोंदीचा शेतीशी असलेला संबंध त्या वेळी कोणी जोडला नाही.

फॉस्फेटी खडकांत युरेनियम येते ते समुद्राच्या पाण्यातून. या पाण्यात दर लिटरास सु. ३ मायक्रोग्रॅम युरेनियम कार्बोनेटी संयुगांच्या रूपात विरघळलेले असते. समुद्रतळावर ॲपेटाइट तयार होत असताना युरेनियमाचे क्षपण होते आणि त्याचे आयन आकाराने कॅल्शियमाच्या आयनाजवळचे असल्याने ते स्फटिकात त्याची जागा घेतात. यामुळे फ्लॉरिडा व मोरोक्को येथील सागरी फॉस्फेटांत दर किग्रॅ. मागे १०० मिग्रॅ. च्या आसपास युरेनियम आढळते, तर सामान्य मातीत ते २ ते ३ मिग्रॅ. इतकेच असते. रशियातील कोला द्वीपकल्पातील अग्निज ॲपेटाइटात युरेनियम बरेच कमी असते. ‘फॉस्फेटी खत’ हे एकच नाव असले, तरी त्याचा किरणोत्सर्ग कच्चा खडक कोणत्या खाणीतला यावर अवलंबून असतो. या विषयावरील पुष्कळसा गोंधळ ही गोष्ट दुर्लक्षिल्यामुळे झाला आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रेडियमाचा बोलबाला वाढला. मातीतील किरणोत्सर्ग हा दोष नसून तो पिकांना लाभदायकच आहे, असा विचार तेव्हा पुढे आला. प्राग येथील यूलिउस श्टोक्लासा यांनी किरणोत्सर्गाचा वनस्पतींच्या वाढीवरील परिणाम अनेक वर्षे अभ्यासला आणि अल्प मात्रा उत्तेजक ठरतात, असे मत मांडले. अमेरिकेत तर रेडियम वेगळे काढल्यावर उरणारा खनिजाचा चोथा ‘रेडियम खत’ म्हणून विकला जाऊ लागला. या दाव्यांची शेतातील पद्धतशीर चाचणी इलिनॉय विद्यापीठाच्या कृषी प्रयोग केंद्रातील सिरिल हॉपकिन्स व वॉर्ड सॅक्स यांनी घेतली. त्यांची पुस्तिका १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली. रेडियमामुळे उत्पन्नात खात्रीलायक वाढ होत नाही, हा तिचा निष्कर्ष होता. साधा हिशेबही त्यास पुष्टी देतो. एक हेक्टर जमिनीच्या नांगरटीच्या २० सेंमी. थरात सु. २,६०० टन माती असते. तीत सु. ६·५ किग्रॅ. युरेनियम व त्याच्याशी समतोलात असलेले सु. २ मिग्रॅ. रेडियम मुळातच असते. त्या काळी एक ग्रॅ. रेडियमाची किंमत एक लाख डॉलरच्या घरात होती, त्यामुळे शेतकऱ्याला परवडेल एवढ्या खतातून मिळणारे रेडियम जमिनीतील मूळच्या साठ्याच्या तुलनेने नगण्य ठरे. याउलट १०० मिग्रॅ. युरेनियम असलेल्या एक टन साध्या फॉस्फेटी खडकातून सु. ०·०३ मिग्रॅ. रेडियम जमिनीत जाते. रेडियमाची जाहिरात न करता विकले जाणारे खतच ते काम करीत होते, असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सर्गी खतांची कल्पना अमेरिकेत पुन्हा डोके वर काढू लागली. तेथील कृषिखात्याने अनेक राज्यांत घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. तेही प्रतिकूलच होते.

अणुबाँबच्या हवेतील चाचण्यांमुळे १९५० नंतर मातीच्या किरणोत्सर्गाकडे नव्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. सीझियम (१३७) व स्ट्राँशियम (९०) यांचा पात मोजावयाचा, तर त्याखालचा नैसर्गिक किरणोत्सर्ग माहीत असणे आवश्यक होते. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये आणवीय प्रारणाच्या परिणामांविषयी शास्त्रीय समिती नेमली. प्रथम सोडियम आयोडाइडाचे व नंतर जर्मेनियमाचे अभिज्ञातक वापरणारे गॅमा किरण वर्णपटमापक प्रचारात आले. त्यामुळे मातीच्या एकाच नमुन्यातील पोटॅशियम, युरेनियम श्रेणी व थोरियम श्रेणी वेगवेगळ्या मोजता येऊ लागल्या. समितीच्या २००० सालच्या अहवालानुसार जगातील मातीत दर किग्रॅ. मागे पोटॅशियम (४०) याचा किरणोत्सर्ग सु. ४००, युरेनियम (२३८) याचा सु. ३५ व थोरियम (२३२) याचा सु. ३० बेकेरेल आहे (एक बेकेरेल म्हणजे दर सेकंदास एक ऱ्हास). भारताचे याच अहवालातील आकडे अनुक्रमे ४००, २९ व ६४ आहेत. भारतीय मातीत थोरियम जागतिक पातळीच्या दुपटीने आहे, हे यावरून दिसेल.

खत घातलेली व न घातलेली जमीन यांची तुलना वरवर सोपी वाटते. पण बांधाच्या एका बाजूची माती पडीक व दुसऱ्या बाजूची लागवडीची असली, तरी दोहोंतील फरक खतामुळेच आहे, असे म्हणता येत नाही. नांगरट, पाटाच्या पाण्याबरोबर येणारा गाळ, पिकांनी उचललेले पोटॅश व धूप यांमुळेही आकडे बदलतात. शिवाय मूळ खडकातील लहानशा फरकाने होणारा बदल खताच्या भरीहून मोठा असू शकतो. एकदाच नमुने घेऊन केलेल्या अनेक तुलना म्हणूनच अनिर्णायक ठरल्या आहेत. खरा पुरावा मिळाला तो लॉझ यांच्याच रॉथॅमस्टेड येथील जमिनीतून. तेथे ब्रॉडबॉक शेतातील गव्हाचा प्रयोग १८४३ मध्ये व पार्क ग्रास हा कुरणाचा प्रयोग १८५६ मध्ये सुरू झाला. ते अद्याप चालू आहेत. सुपरफॉस्फेट दिलेल्या वाफ्यांशेजारी ते कधीही न दिलेले वाफे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकोणिसाव्या शतकापासूनचे मातीचे वाळविलेले नमुने तेथे बाटल्यांत जतन करून ठेवलेले आहेत. ज्यांनी ते भरून ठेवले, त्यांच्यापैकी पहिल्यांना किरणोत्सर्ग हा शब्दही ठाऊक नव्हता.

या नमुन्यांचे विश्लेषण करून न्यूझीलंड व ब्रिटनमधील संशोधकांनी १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुपरफॉस्फेटाबरोबर दर हेक्टरी दर वर्षी सु. १५ ग्रॅ. युरेनियम जमिनीत गेले होते व १८८९ पासूनची एकूण भर सु. १,३०० ग्रॅ. झाली होती. नांगरटीच्या जमिनीत त्यांपैकी बहुतेक युरेनियम वरच्या २३ सेंमी. थरातच राहिले आणि कुरणात ते पृष्ठभागावरील सेंद्रिय द्रव्याने धरून ठेवले. दर किग्रॅ. मातीमागे ही भर अर्ध्या मिग्रॅ. हून किंचित कमी, म्हणजे सु. ५ ते ६ बेकेरेल होते. जगातील सामान्य जमिनींत युरेनियमाचा किरणोत्सर्ग दर किग्रॅ. मागे १६ ते ११० बेकेरेल या मर्यादेत बदलतो. हे लक्षात घेता शेतात उभ्या असलेल्या माणसाला मिळणाऱ्या प्रारणात या भरीने पडणारा फरक अत्यल्प ठरतो. ही भर अत्यल्प असली, तरी ती परत जात नाही, हा या निष्कर्षाचा दुसरा भाग मात्र अनेकदा विसरला जातो.

पोटॅशी खतांची गोष्ट वेगळी आहे. एक ग्रॅ. पोटॅशियमाचा किरणोत्सर्ग सु. ३१ बेकेरेल असल्याने म्युरिएट ऑफ पोटॅशची गोणी मापकाजवळ नेताच तिचा किरणोत्सर्ग जाणवतो. पण १०० किग्रॅ. म्युरिएटामुळे एक हेक्टराच्या नांगरटीच्या थरातील पोटॅशियमाच्या किरणोत्सर्गात होणारी वाढ ०·१५ टक्क्याच्या आसपास असते. त्यातील बराच भाग पीक उचलून नेते. मनुष्याचे शरीर पोटॅशियमाचे प्रमाण स्वतःच स्थिर राखते, त्यामुळे अन्नातून ते अधिक आल्याने शरीरातील किरणोत्सर्ग वाढत नाही. यूरिया व अमोनियम सल्फेट या नत्रयुक्त खतांतून किरणोत्सर्गी द्रव्ये जवळजवळ येतच नाहीत.

फॉस्फेटी खडकातील किरणोत्सर्गी द्रव्यांची वाटणी कारखान्यातील प्रक्रियेवर अवलंबून असते. साध्या सुपरफॉस्फेटात खडकातील सर्व द्रव्ये खतातच राहतात. आर्द्र पद्धतीने फॉस्फोरिक अम्ल करताना सु. ८६ टक्के युरेनियम व ७० टक्के थोरियम अम्लात जाते आणि त्यापासून बनणाऱ्या डायअमोनियम फॉस्फेटात उतरते, तर सु. ८० टक्के रेडियम फॉस्फोजिप्सम या उपपदार्थात राहते. फॉस्फरस पेंटॉक्साइडाच्या एका टनामागे ४ ते ५ टन फॉस्फोजिप्सम तयार होते. फ्लॉरिडात त्याचे एक अब्ज टनांहून मोठे ढीग साचले आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ पासून शेतीसाठी वापरावयाच्या फॉस्फोजिप्समातील रेडियमास दर किग्रॅ. मागे ३७० बेकेरेल ही मर्यादा घातली. भारतात चोपण जमिनी सुधारण्यासाठी व भुईमुगासाठी जिप्सम वापरतात. १,००० बेकेरेल रेडियम असलेले फॉस्फोजिप्सम हेक्टरी ५ टन घातल्यास नांगरटीच्या थरात दर किग्रॅ. मागे सु. २ बेकेरेल भर पडते. एका वेळेपुरती ती क्षुल्लक आहे, पण चोपण जमिनीला अशी मात्रा वारंवार द्यावी लागते. मुंबईजवळ तुर्भे येथे १९६५ मध्ये सुरू झालेल्या खत कारखान्यात नायट्रोफॉस्फेट पद्धती वापरण्यात आली. तीत खडक नायट्रिक अम्लात विरघळवितात, त्यामुळे फॉस्फोजिप्समाचे ढीग तयार होत नाहीत. साहजिकच किरणोत्सर्गी द्रव्यांचा मोठा भाग खतातच राहतो.

पिकांमध्ये तंबाखूचा उल्लेख वेगळा करावा लागतो. एडवर्ड रॅडफर्ड व व्हिल्मा हंट यांनी १९६४ मध्ये सिगारेटच्या धुरात पोलोनियम (२१०) असल्याचे दाखविले. ते फॉस्फेटी खतातून मुळांवाटे येते, की हवेतील रेडॉनाच्या ऱ्हासोत्पन्न द्रव्यांच्या रूपाने चिकट केसाळ पानांवर बसते, यावर पुढे दीर्घ वाद झाला. दोन्ही मार्ग संभवतात. धान्यांच्या बाबतीत प्रश्न एवढा तीव्र नाही, कारण युरेनियम व थोरियम दाण्यांत फारच थोडे पोचते.

भारतात किरणोत्सर्गी मातीचा शोध एका योगायोगाने लागला. १९०९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ शोंबर्ग यांना त्रावणकोरहून निर्यात झालेल्या काथ्यात अडकलेल्या वाळूत मोनॅझाइट आढळले. केरळच्या या मोनॅझाइटात ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असते. तेथील किनारपट्टीवरील काही भागांचा नैसर्गिक किरणोत्सर्ग जगातील सर्वाधिक किरणोत्सर्गांत गणला जातो. कोणत्याही खताने पडणारी भर त्यापुढे दिसणारच नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातील मिश्रा व सदाशिवन यांनी भारतीय मातीच्या किरणोत्सर्गाचे सर्वेक्षण १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. दख्खनच्या बेसाल्टापासून झालेल्या काळ्या जमिनींचा किरणोत्सर्ग देशात खालच्या पातळीवर आहे. पूर्व विदर्भात ग्रॅनाइट व पट्टिताश्मांवरील जमिनींत तो साहजिकच अधिक असतो. कोकणातील जांभ्याच्या जमिनींत पोटॅशियम पावसाने धुऊन जाते व थोरियम मागे राहते.

काळ्या जमिनीच्या या दारिद्र्यालाही एक बाजू आहे. बेसाल्टात दर किग्रॅ. मागे युरेनियम एक मिग्रॅ. हून कमी असते. त्यामुळे रॉथॅमस्टेडएवढी मात्रा शंभर वर्षे चालू राहिली, तर पडणारी सु. ०·६ मिग्रॅ. ची भर येथे मूळ साठ्याच्या जवळपास जाईल. भारतात सुपरफॉस्फेटाचा पहिला कारखाना १९०६ मध्ये राणीपेट येथे निघाला, परंतु खतांचा मोठा वापर १९६६ नंतरच्या हरितक्रांतीपासूनचा आहे. राजस्थानातील झामरकोटडा येथे १९६८ मध्ये सापडलेल्या फॉस्फेटात युरेनियम तुलनेने कमी आहे, तर मसुरीच्या फॉस्फेटात ते लक्षणीय आहे. देशाची गरज मात्र मुख्यतः आयात खडकावर, अम्लावर व तयार खतांवर भागते.

अलीकडच्या चर्चेचा रोख मातीकडून पाण्याकडे वळला आहे. मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या नद्यांतील वाढत्या युरेनियमाचा संबंध स्पॉल्डिंग व सॅकेट यांनी १९७२ मध्ये फॉस्फेटी खतांशी जोडला होता. जर्मनीत १९५१ ते २०११ या काळात शेतजमिनीवर एकूण सु. १४,००० टन, म्हणजे हेक्टरी सु. १ किग्रॅ. युरेनियम पडले, असा अंदाज आहे. तेथे २०११ मध्ये पिण्याच्या पाण्यास लिटरला १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा लागू झाली, तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ३० मायक्रोग्रॅम आहे. या मर्यादांमागे किरणोत्सर्गापेक्षा मूत्रपिंडावरील रासायनिक विषबाधेचा विचार आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खतविषयक नियमांत फॉस्फेटी खतांतील कॅडमियमास मर्यादा आहे. युरेनियमास ती नाही. पंजाबच्या माळवा भागातील भूजलात युरेनियम आढळल्यावर खतांकडे बोट दाखविले गेले. परंतु सोळा राज्यांतील भूजलाविषयी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तेथील युरेनियमाचा मुख्य उगम खडकांतच आहे. पाण्याचा अतिउपसा, बायकार्बोनेट व नायट्रेट यांमुळे ते सुटे होऊन पाण्यात उतरते. या नायट्रेटाचा काही भाग खतांचाच असतो. म्हणजे ज्या नत्रयुक्त खतांत युरेनियम नसते, ती खडकातील युरेनियम हलवितात, आणि ज्या फॉस्फेटी खतांत ते असते, त्यांचे युरेनियम बहुधा वरच्या थरात अडकून राहते. विम्ल, चुनखडीयुक्त जमिनीत ते किती काळ अडकून राहील, हे मात्र रॉथॅमस्टेडच्या अनुभवावरून ठरविता येत नाही.

त्यासाठी भारतीय वाफेच पाहावे लागतात. कानपूर येथे १८८५ मध्ये, पुसा येथे १९०८ मध्ये व कोईमतूर येथे १९०९ मध्ये खतांचे कायम प्रयोग सुरू झाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० मध्ये दीर्घकालीन खत प्रयोगांची अखिल भारतीय योजना हाती घेतली. तीत काळ्या जमिनीवरील जबलपूर, व पुढे महाराष्ट्रातील अकोला व परभणी, ही केंद्रे आहेत. या सर्व ठिकाणी नत्र, स्फुरद व पालाश दिलेल्या वाफ्यांशेजारी कोणतेही खत न दिलेला एक वाफा प्रत्येक हंगामात पेरला जातो.